तीन उन्हाळ्यांचे पैसे द्या : रस्त्याकडेच्या झाडांच्या निधीबाबत नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : वस्ती सुधारणेच्या निधीतून होणाऱ्या पुनर्लागवडीचे पैसे टप्प्याटप्प्याने आणि जगलेल्या झाडांवर देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

वळवाच्या पावसात रस्त्याकडेचा जुना गुलमोहर आडवा होतो, दोन दिवसांत फांद्या उचलल्या जातात आणि फुटपाथवर फूटभर उंचीचा बुंधा तसाच राहतो. वस्तीतले लोक त्या जागी नवे झाड मागतात. प्रभागाच्या निधीतून ते मंजूरही होते. मंजूर होते म्हणजे काय, तर एस्टिमेटमध्ये चार ओळी येतात : खड्डा, रोप, माती-खत, ट्री गार्ड. रोप लावल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद होते, बिल निघते, काम संपते. झाडाचे काम मात्र तिथून सुरू होते, आणि त्यासाठी एस्टिमेटमध्ये एक पैसाही नसतो. आम्ही रस्त्याकडेच्या झाडांची लागवड आणि निगा हे काम जवळून जाणणारे लोक आहोत. आमचे म्हणणे एवढेच की शासनाने वस्त्यांना झाड लावण्यासोबत ते तीन उन्हाळे जगवण्याचेही पैसे द्यावेत.

कायदा याबाबत निधीच्या फार पुढे गेला आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, रोप सहा ते आठ फूट उंचीचे हवे, त्याचे जिओ-टॅगिंग करायचे, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा नोंदवायची, आणि सात वर्षे निगा राखायची, असे त्यात स्पष्ट आहे. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही त्याच दुरुस्तीने दिला. आता तीस वर्षांच्या झाडाच्या बदल्यात तीस रोपे म्हटली की ती रस्त्यावर मावत नाहीत, म्हणून ती सगळी शहराबाहेरच्या टेकडीवर किंवा एखाद्या आरक्षित भूखंडावर जातात. टेकडीला झाडे हवीतच. पण ज्या बसथांब्यावरची सावली गेली तिथे काहीच परत येत नाही. बदली रोपांपैकी पहिले रोप त्याच रस्त्यावर, जुन्या झाडापासून जास्तीत जास्त दहा मीटरच्या आत लावावे, एवढी एक अट नियमांत घातली तर निम्मा प्रश्न सुटेल.

निधीची पद्धत नव्याने शोधण्याची गरज नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार होते. आपल्या भागातले छोटे काम नागरिकांनी अर्जाने सुचवायचे, कामाची मर्यादा पाच लाख रुपये. पदपथ, दिवे, बाकडी यांना ही रचना अगदी योग्य आहे, कारण बाकडे एकदा बसवले की ते पाणी मागत नाही. तीच रचना झाडाला लावली की अडते, आणि पहिली अडचण येते ती कॅलेंडरची.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, त्या दिवशी न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे रद्द होतो. त्यामुळे कामाचे आदेश फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने निघतात आणि रोपे एप्रिलच्या उन्हात लागतात. रस्त्याकडेच्या रोपाला याहून वाईट महिना नाही. डांबर आणि पेव्हर ब्लॉक तापलेले असतात आणि नर्सरीतून आलेल्या रोपाची मुळे अजून पिशवीच्याच मापाची असतात. खरा क्रम असा : नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जागांची पाहणी, जानेवारीत मंजुरी, एप्रिल-मेमध्ये खड्डे खणून ते तापू देणे, जूनच्या सुरुवातीला भरणे, आणि दोन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लागवड. यासाठी एकाच कामाचा खर्च दोन आर्थिक वर्षांत पडतो. म्हणून मंजूर रक्कम वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे शहरातल्या झाडांचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, खात्यात वर्ग करून ती ३१ मार्चला व्यपगत होणार नाही, असा शासन निर्णय हवा. हे काम महापालिकेच्या पातळीवर होत नाही, ते आपल्याच विभागाकडून व्हावे लागेल.

आता खड्ड्याकडे वळतो, कारण सर्वांत जास्त झाडे तिथेच मरतात आणि कागदावर ते कुठेच दिसत नाही.

कागदावर खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल असतो. फुटपाथवर प्रत्यक्षात दीड-दोन फुटांवर कडक मुरूम लागतो, किंवा महावितरणची केबल, गॅसची नळी, पाण्याची लाइन आडवी येते. मजूर तिथेच थांबतो. त्याचा दोष नाही, केबल तुटली तर जबाबदारी त्याच्या गळ्यात येते. म्हणून प्रत्येक जागी आधी हाताने चाचणी खड्डा घ्यावा आणि एक मीटर खोली मिळत नसेल तर जागाच बदलावी. अशा चाचणी खड्ड्यांचा दर एस्टिमेटमध्ये वेगळा धरला पाहिजे, नाहीतर ते कोणी घेणार नाही. खड्डा झाला की तो पाण्याने भरायचा. चोवीस तासांनी पाणी तसेच दिसले तर तळ बंद आहे. तळाला पहारीने दोन-तीन खोल भोके पाडल्याशिवाय तिथे रोप लावू नये, पावसाळ्यात मुळे कुजतात आणि लोक म्हणतात पाणी कमी पडले.

भरण्यासाठी दोन भाग पोयटा माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट. काळी चिकण माती असेल तर त्यात थोडा बारीक मुरूम किंवा वाळू. खड्ड्यातून निघालेला राडारोडा, सिमेंटचे तुकडे, फरशी परत खड्ड्यात जाता कामा नये. हे सांगावे लागते, कारण राडारोडा वाहून नेण्याचा दर बहुतेक एस्टिमेटमध्ये नसतो. भरलेली माती पहिल्या पावसात बसते, म्हणून ती जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर वर भरावी. जुना बुंधा असेल तिथे तो निदान ४५ सेंटिमीटर खोलीपर्यंत काढावा किंवा नवे रोप दीड-दोन मीटर सरकवावे. गुलमोहरासारख्या झाडाच्या कुजक्या बुंध्यात अनेकदा बुरशी असते, तिच्या शेजारी नवे रोप लावणे म्हणजे आजाऱ्याच्या अंथरुणावर बाळ निजवणे आहे.

पहिल्या उन्हाळ्यात वाळलेले रोप कधी उपटून पाहावे. अनेकदा काळी प्लास्टिकची पिशवी अजून मुळांवर तशीच असते, फक्त तळाशी एक चीर. पिशवी काढली तरी मुळे तिच्या आकारात गोल गोल फिरलेली, तळाशी चुंबळीसारखी गुंडाळलेली. भोवती घनमीटरभर चांगली माती असते आणि एकही मूळ तिच्यात शिरलेले नसते. असे रोप वर्षभर हिरवे राहते आणि मार्चमध्ये आठवड्याभरात जाते. उपाय दहा मिनिटांचा आहे. पिशवी पूर्ण काढायची, मुळांच्या गोळ्यावर उभ्या तीन-चार चिरा द्यायच्या, तळाची चुंबळ कापून टाकायची, आणि खोडाचे बूड मातीच्या पातळीवर ठेवायचे, खाली गाडायचे नाही. रोपे स्वीकारतानाच शंभरातली पाच पिशव्या फाडून तपासावीत आणि तीन गुंडाळलेली निघाली तर सगळा लॉट परत पाठवावा, अशी अट निविदेत घालता येते.

फुटपाथवरचे आळे १.२ × १.२ मीटर मोकळे हवे. दोन फुटी चौकोन हा झाडाला फास आहे. आळ्याची पातळी फुटपाथपेक्षा पाच सेंटिमीटर खाली आणि भोवतीच्या कर्बला उताराच्या बाजूने दोन फटी, म्हणजे फुटपाथवरून वाहणारे पाणी आत येईल. कोकणपट्टीत मात्र उलट, तिथे आळे उथळ आणि मध्ये उंचवटा ठेवावा. जागा असेल तिथे दोन झाडांमधला भाग सलग चर म्हणून खणला, सहा मीटर लांबीचा, मीटरभर रुंद आणि खोल, तर झाडांना सहा घनमीटर माती मिळते आणि मुळे पेव्हर ब्लॉक उचलत नाहीत. खर्च जास्त येतो. पण पंचवीस झाडे अशा चरांत लावणे हे पन्नास झाडे खड्ड्यांत लावण्यापेक्षा चांगले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. रोपाला एका वेळी २० लिटर, आठवड्यातून दोनदा, नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण ३२ आठवडे : ६४ पाळ्या, रोपामागे १,२८० लिटर. चाळीस झाडांच्या रस्त्याला वर्षाला ५१,२०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे अकरा टँकर, तेही एक थेंब सांडला नाही असे धरून. पाइप मोकळा सोडून पाणी दिले तर दुप्पट लागेल. विदर्भात एप्रिल-मेमध्ये आठवड्याला तीन पाळ्या धराव्यात. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी यासाठी चालते आणि तेच वापरावे. आळ्यात आठ-दहा सेंटिमीटर वाळक्या पानांचा थर द्यावा, खोडाला न टेकवता. तोच पाला झाडून जाळला जातो किंवा कचरागाडीत जातो, हे पाहून जीव तुटतो.

ट्री गार्डबद्दल दोन शब्द. ते पहिल्या दोन वर्षांत गुरांपासून वाचवते आणि पाचव्या वर्षी झाड मारते. खोड जाड होते, लोखंडी पट्टी सालीत रुतते, साल तिच्यावरून वाढते आणि मग गार्ड कापूनही निघत नाही. गार्ड काढण्याची तारीख आणि दर मूळ एस्टिमेटमध्येच लिहावा. आधाराचे बांबू दीड-दोन वर्षांनी काढावेत, बांधायला काथ्या किंवा सुती पट्टी वापरावी, तार कधीच नाही.

जातींची यादी प्रत्येक शहराकडे आहे, तिच्यात जागेचा रकाना नसतो. विजेच्या तारांखाली ताम्हण, बहावा, कांचन. रुंद फुटपाथवर करंज, कडुनिंब, बकुळ, पुत्रंजीव. करंज ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने भरलेला असतो, सावलीसाठी त्याच्याइतके भरवशाचे झाड थोडे. समुद्राकाठच्या गावांत भेंड आणि उंडी. वड, पिंपळ, उंबर मैदानात किंवा चौकात लावावेत, दोन मीटरच्या फुटपाथवर नाही.

नवी झाडे लावताना उभी झाडे मारू नयेत, यासाठी त्याच निधीतून आळी मोकळी करण्याचे काम मंजूर व्हावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे रस्त्याचे काँक्रिटीकरण खोडाला भिडते. ते काढताना जेसीबी नको, हातातला ब्रेकर आणि कुदळ हवी. केबलचा चर खोडालगत एका बाजूने गेला की त्या बाजूची मुळे तुटतात आणि पहिल्या वादळात झाड विरुद्ध दिशेला पडते. खोडाच्या व्यासाच्या दहापट अंतरात यंत्राने खोदाई नाही, असा नियम रस्ते खोदाईच्या परवानगीतच लिहिता येईल. एक फूट व्यासाच्या खोडाला ते दहा फूट होते.

आता पैशाची वाटणी. आमची सूचना अशी : मंजूर रकमेचे ३५ टक्के खड्डे तपासून लागवड झाल्यावर. १५ टक्के नोव्हेंबरमध्ये, मेलेल्या रोपांचे नांगे भरून आणि आळी झाकून झाल्यावर. २० टक्के पहिल्या उन्हाळ्यानंतर, मग १५ आणि १५ टक्के दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, आणि हे शेवटचे तिन्ही हप्ते फक्त जिवंत झाडांच्या संख्येवर. मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत व्हावी. ऑगस्टमध्ये मरणारे रोपही हिरवे दिसते आणि तेव्हाचे फोटो काही सांगत नाहीत. मोजणीला वस्तीतले दोन रहिवासी हजर असावेत, खोडाचा घेर जमिनीपासून एक मीटर उंचीवर मोजावा आणि यादी क्षेत्रीय कार्यालयात लावावी.

निगेचे हप्ते ठेकेदारालाच गेले पाहिजेत असे नाही. गृहनिर्माण संस्था, वसाहतीचे मंडळ, महिला बचत गट यांच्याशी महापालिकेने तीन वर्षांचा साधा करार करावा आणि दर जिवंत झाडामागे ठरवावा, टँकरच्या फेऱ्यांवर नव्हे. दारातल्या झाडाला पाणी घालणारी माणसे त्याच रस्त्यावर राहतात. मिळकतकराच्या बिलातून त्यांनी वृक्षकर भरलेलाच असतो.

नोव्हेंबरच्या आत हा शासन निर्णय निघाला तर जागांची पाहणी वेळेत होईल आणि पुढच्या मे महिन्यात खड्डे तापायला पडतील. निर्णयाच्या मसुद्यासाठी चाचणी खड्डा, बुंधा काढणे, राडारोडा वाहतूक, गार्ड काढणे आणि तीन वर्षांची निगा या पाच बाबींचे दरपृथक्करण, म्हणजे दर कसा ठरला याचा तपशीलवार हिशेब, आम्ही तयार करून देऊ.

आपले,
रस्त्याकडेच्या झाडांची लागवड व निगा करणारे नागरिक आणि उद्यानकर्मी