मागच्या पानावरचं 'गो'

प्रिय काकूंस,

शिरसाष्टांग नमस्कार. हा मायना लिहून मलाच हसू आलं, कारण तुमच्या काउंटरसमोर मी कधी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण हे आभार कानात कुजबुजायचे नाहीत असं मी ठरवलंय. तुमच्या सूनबाई मोबाइलवरून हे तुम्हाला वाचून दाखवतील याची खात्री आहे. मधली दोन-चार वाक्यं त्या गाळतील याचीही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकूंचं भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय होतं. पत्र्याची रॅक, एक टेबलफॅन, डिपॉझिटची वही वेगळी, थकबाकीची वेगळी. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर आणि मागच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं एक अक्षर, 'गो' किंवा 'र'. गो म्हणजे शेवट गोड, र म्हणजे रडका. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर येणाऱ्या बायका आधी तो कोपरा बघायच्या. "घरी फुकट रडतो, इथे भाडं भरून कशाला रडायचं?" असं त्यांच्यातल्या एक नेहमी म्हणायच्या. कुमुदिनी रांगणेकरांच्या कादंबऱ्या हातोहात जायच्या. चंद्रकांत काकोडकर मागच्या रॅकवर, मागितल्याशिवाय मिळायचे नाहीत. एकदा एका गृहस्थांनी "असली पुस्तकं पोरीबाळींच्या हातात देता?" म्हणून आवाज चढवला. तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "१९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या 'श्यामा'वरून काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ला ते सुटले. तुम्ही त्याच्याही वरच्या कोर्टातून आलात का?"

मी तेव्हा एस.वाय.ला होते. २००७. बारावीला क्लासमधला एक मुलगा मला इतका आवडायचा की त्याच्या सायकलची घंटा मी ओळखायचे. आणि आता होस्टेलवरची एक मुलगी होती, जिच्याबरोबर मी तुमच्याकडे पुस्तकं बदलायला यायचे. दोघी मिळून एकच पुस्तक न्यायचो, भाडं वाचवायला, असं तुम्हाला सांगायचो. मला त्या दिवसांत एकच गोष्ट छळायची: या दोन्हींतलं एक खोटं असणार. मग कुठलं? मुलगा आवडला ते वय होतं म्हणून, की मुलगी आवडते ती होस्टेलची हवा म्हणून? रोज रात्री मी एकाला खोटं ठरवायचे आणि सकाळी ते परत खरं व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न ठरलं. त्यानंतर मी एकटीच यायला लागले. तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. एक दिवस काउंटरखालून पुस्तक काढलंत. "मौज प्रकाशनाचं आहे. कव्हर घालून ठेवलंय, घरी तसंच ने." सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ साली आलेली. मी सवयीनं मागचा कोपरा बघितला, तिथे काहीच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ते तू लिही, वाचून झाल्यावर."

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: एका मराठी घरात एक भाडेकरू राहायला येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीण अनुजाही. तो निघून जातो. अर्धं पुस्तक तनयचं, तो त्या गेलेल्या माणसाशीच बोलतोय, आणि उरलेलं अनुजाचं, डायरीतलं. पहिल्यांदा मी तनयसाठी रडले. दुसऱ्यांदा अनुजासाठी. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मला राग आला. भाडेकरूला पुस्तकात नावसुद्धा नाही. त्याच्याबद्दल दोघं बोलतात, तो बोलत नाही. कादंबरी रचलीच तशी आहे, तिची ताकदच त्या रिकाम्या खोलीत आहे, हे आज कळतं. पण एकोणिसाव्या वर्षी मी त्या पुस्तकात स्वतःला शोधायला गेले आणि सापडले ती नेमकी त्या खोलीत. दोघांवर प्रेम करणारा माणूस म्हणजे सोडून जाणारा माणूस, एवढाच अर्थ मला लागला.

पुस्तक परत करताना मी विचारलं, "काकू, पण भाडेकरूचं काय?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "त्याचं पुस्तक अजून आपल्याकडे आलं नाही. आलं की बाजूला ठेवते तुझ्यासाठी."

काकू, आभार या वाक्याचे आहेत. तुम्ही मला मुलगा की मुलगी असं विचारलं नाहीत, समजावलंही नाहीत. आपल्यासारख्यांचं पुस्तक असणार, फक्त स्टॉकला यायचंय, असं दुकानदाराच्या सुरात सांगितलंत. त्या रात्री मी कुणालाच खोटं ठरवलं नाही.

मुलगेही आवडतात आणि मुलीही, याला तेव्हा शब्दही धड नव्हता. डिक्शनरीत 'उभयलिंगी' सापडला. पण तो मी शाळेत शिकले होते गांडुळाच्या धड्यात, एकाच शरीरात नर-मादी दोन्ही अवयव. आता स्वतःबद्दल कुणाला सांगायचं तर आधी गांडूळ डोळ्यांसमोर येणार! 'उभयलैंगिक' त्यातल्या त्यात बरा, पण तोही सरकारी फॉर्मवरचा वाटतो. मी घरी 'बाय' म्हणते, बायसेक्शुअलमधला. सासूबाईंना वाटतं मी निघाले.

हो, लग्न झालं. नवऱ्याला आधीच सगळं सांगितलं होतं. त्यानं चहा संपवला आणि विचारलं, "मग तिला लग्नाला बोलवायचं का?" अवघड गेलं ते बाहेरच. ज्या दोन मैत्रिणींना माहीत होतं त्या म्हणाल्या, "सुटलीस बाई." ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७चा निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. त्यातलीच एक म्हणाली, "तुला काय फरक पडतो, तू तर आता नॉर्मल आहेस." म्हणजे परत तेच, दोनांतलं एक खोटं.

आणि मग भाडेकरूची पुस्तकं आली. इंग्रजीत आली, पण आली. २०१९ला केसी मॅक्विस्टनची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू': अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा अॅलेक्स इंग्लंडच्या राजपुत्राच्या प्रेमात पडतो. अशक्य गोष्ट आहे, ना. सी. फडक्यांच्या कादंबरीतल्या नायकालाही इतकी ऐट परवडली नसती. पण अॅलेक्सला कळतं की आधी मुली आवडल्या त्याही खऱ्या आणि हा राजपुत्रही खरा, तिथे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसले.

त्याहून माझं पुस्तक म्हणजे तालिया हिबर्टचं 'टेक अ हिंट, डॅनी ब्राउन', २०२०चं. डॅनी पीएच.डी. करतेय. तिला बायकाही आवडतात, पुरुषही, आणि हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. विद्यापीठाच्या इमारतीतला सिक्युरिटी गार्ड जफीर, पूर्वी रग्बी खेळायचा, ड्यूटीवर प्रेमकादंबऱ्या वाचतो. (तुमच्याकडे नक्की खातं उघडलं असतं त्यानं.) शेवटी डॅनी त्या पुरुषाबरोबर राहते आणि तरी ती जी होती तीच राहते. 'सुटलीस' म्हणणारं कुणी नाही. असा प्रसंग मी त्याआधी कुठेच वाचला नव्हता.

सगळीच अशी नसतात. काहींत नायिका स्वतःची ओळख अशी समजावते की माहितीपत्रक वाचतेय असं वाटतं, आणि जोडीदाराचा संशय मिटवण्यात शंभर पानं जातात. पण त्यांचाही शेवट गोडच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तर व्याख्येतच लिहिलंय: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. त्यांनी ठराव केला, तुम्ही पेन्सिलीनं भागवलंत. मराठीत असं, हलकंफुलकं, दोन दुपारींत संपणारं पुस्तक मात्र मला अजून मिळालेलं नाही.

ऑगस्ट २०१९ला आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि तुमचं दुकान पुराच्या पाण्यात होतं. मी पुण्याहून आले तेव्हा तुम्ही लगद्यातून रजिस्टरं निवडत होतात. 'कोबाल्ट ब्लू' गेलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या कोपऱ्यात मी कधीच काही लिहिलं नव्हतं, 'गो'ही नाही, 'र'ही नाही.

सोबत पार्सल आहे. डॅनी ब्राउन. सूनबाई अर्थ सांगतील. ज्या पानांना त्या खोकला काढतील ती पानं तुम्ही स्वतः बघा, इंग्रजी फार अवघड नाही. खाकी कव्हर घातलंय, कण्यावर नंबर टाकायचा राहिलाय, तो तुम्ही टाका. मागचा कोपरा मी भरलाय.

तुमची,
खातं क्रमांक ११४, थकबाकी साडेसात रुपये