क्षमतेसाठी चर नको, दुसऱ्या वाटेसाठी हवा

संपादक महोदय,

मुंबईतील नवे काँक्रीटचे रस्ते दूरसंचार केबलसाठी पुन्हा खोदले जात असल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. या खोदाईचे समर्थन करताना एक कारण हमखास पुढे केले जाते: शहराची डेटाची मागणी वाढते आहे, तेव्हा केबलही वाढल्याच पाहिजेत. दूरसंचार क्षेत्रात नोकरी केलेला अभियंता या नात्याने या कारणाची तांत्रिक बाजू मांडावीशी वाटते, कारण ते बऱ्याच अंशी लंगडे आहे.

जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूतून, किती माहिती वाहते, हे त्याच्या दोन टोकांना कोणती उपकरणे बसवली आहेत यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते. निरनिराळ्या तरंगलांबीचे लेसर किरण एकाच तंतूतून एकाच वेळी पाठवायचे, प्रत्येकावर स्वतंत्र माहिती चढवायची आणि पलीकडच्या टोकाला ते पुन्हा वेगळे काढायचे, ही वेव्हलेंग्थ डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंगची, म्हणजे डब्ल्यूडीएमची पद्धत. लांब पल्ल्याच्या मार्गांवर हा कारभार मुख्यतः १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यात चालतो, कारण तेथे काचेत प्रकाशाची घट सर्वांत कमी, किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल, असते. प्रत्येक तरंगलांबी म्हणजे एक वाहिनी; दोन वाहिन्यांच्या वारंवारतेत ५० गिगाहर्ट्झ अंतर ठेवले तर या पट्ट्यात ८० हून अधिक वाहिन्या बसतात, आणि प्रत्येकीवर सेकंदाला १०० गिगाबिट चढवले तरी तंतूंची एकच जोडी (एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी) ८ टेराबिटच्या, म्हणजे ८,००० गिगाबिटच्या, पुढे जाते.

हे परवडू लागले ते एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरच्या प्रवर्धकामुळे, म्हणजे क्षीण झालेला प्रकाश पुन्हा सशक्त करणाऱ्या उपकरणामुळे. त्याआधी काही अंतर गेल्यावर प्रत्येक तरंगलांबीचे विजेत रूपांतर करून तिला पुन्हा नव्याने उभे करावे लागे. १९८७ च्या सुमारास आलेल्या या प्रवर्धकाने पट्ट्यातील सगळ्या वाहिन्यांना प्रकाशरूपातच, एकदम बळ देणे शक्य केले. (सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात जाहीर केलेल्या परिणामावर आधारलेले प्रवर्धकही आज अशा मार्गांवर वापरले जातात, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.)

क्षमता कशी वाढते याचे उदाहरण मुंबईच्याच किनाऱ्यावर आहे. २००५ मध्ये सुरू झालेली, मुंबई आणि चेन्नईला उतरणारी सी-मी-वी ४ ही समुद्री केबल १.२८ टेराबिट क्षमतेसाठी आखलेली होती. पुढे तिच्यावर १०० गिगाबिटच्या तरंगलांबी चालवून ती क्षमता कितीतरी वाढवण्यात आली, आणि त्यासाठी समुद्रतळावर नवी केबल अंथरावी लागली नाही. बदलली ती किनाऱ्यावरच्या स्थानकांतील उपकरणे. समुद्राखाली जे जमते, ते अंधेरी ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) का जमू नये?

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वाहिन्या आणि त्यांची शक्ती वाढवत नेली की त्या एकमेकींत मिसळू लागतात आणि कधीतरी नवे तंतू लागतातच. ज्या इमारतीत फायबर पोहोचलेच नाही, तेथे चर खणण्यावाचून गत्यंतर नाही. पण दोन डेटा सेंटरमधल्या किंवा दोन टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या मार्गाशेजारी निव्वळ ‘क्षमता’ म्हणून दुसरा चर मागितला जातो, तेव्हा टोकाची उपकरणे बदलून काम का भागत नाही, हे परवानगी देणाऱ्याने विचारायलाच हवे.

एका ठिकाणी मात्र खोदाईची बाजू मी स्वतः घेईन. डब्ल्यूडीएममुळे एका केबलमध्ये इतके काही एकवटले आहे की जेसीबीचा एक फटका पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडतो. बँका आणि रुग्णालये खबरदारी म्हणून दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतात. त्या दोन्ही एकाच पदपथाखालून गेल्या असतील, तर ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या मार्गावर वळवणारी यंत्रणा असूनही उपयोग शून्य. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या वेगवेगळ्या मालकीच्या केबल एकाच परिसरात निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली, ती नेमकी याच कारणाने. मुंबईची रचना या बाबतीत अधिकच नाजूक आहे. वर्सोव्यासारख्या समुद्री केबलच्या जागा पश्चिम किनाऱ्यावर, तर ऐरोली-महापेची डेटा सेंटर खाडीपलीकडे. मधली खाडी ओलांडायला पूल मोजकेच.

म्हणून माझी विनंती अशी की महापालिकेने खोदाईच्या अर्जासोबत मार्गाचा नकाशा आणि त्या रस्त्याखाली आधीपासून असलेल्या केबलची माहिती घ्यावी, निव्वळ क्षमतेसाठी असलेल्या अर्जांना आधी उपकरणांचा पर्याय दाखवावा, आणि खरोखर वेगळ्या वाटेने जाणाऱ्या केबलला प्राधान्य द्यावे. जेथे रस्ता काँक्रीटचा होणारच आहे, तेथे काँक्रीट ओतण्यापूर्वीच सर्व कंपन्यांना भाड्याने देता येतील असे सामाईक डक्ट, म्हणजे केबल ओवण्याच्या नळ्या, दोन्ही कडांना टाकून ठेवावेत, आणि कोणत्या डक्टमध्ये कोणाची केबल आहे याची नोंद प्रभाग कार्यालयात अद्ययावत ठेवावी.

— एक निवृत्त दूरसंचार अभियंता, मुलुंड (पूर्व), मुंबई