समुद्राखाली ठावठिकाणा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हातातल्या मोबाईललाही आपला ठावठिकाणा कळतो, मग तुमच्या यंत्राला समुद्रात तो का कळू नये, असे बाबांनी फोनवर विचारले होते. तो प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही आणि माझे सारे संशोधन त्याभोवतीच चालले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आईने मात्र आधीच निश्चिंत असावे. हे यंत्र म्हणजे पाण्याखाली स्वतःहून फिरणारी पाणबुडी आहे, पण तीत माणूस बसत नाही, आम्ही सगळे वर जहाजावरच असतो.

जीपीएसच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात, त्यामुळे यंत्राने बुडी मारली की उपग्रहांशी त्याचा संबंध तुटतो. त्यानंतर आपण कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि किती वेळ गेलो, याची बेरीज करत राहणे एवढेच त्याच्या हाती उरते. दिशेसाठी प्रकाशतंतूंचा जायरोस्कोप, म्हणजे वळणे मोजणारे उपकरण, असतो. तो इतका संवेदनशील असतो की पृथ्वीचे तासाला 15 अंशांनी होणारे भ्रमणही टिपतो आणि त्यावरूनच खरी उत्तर दिशा ठरवतो. वेग मोजण्यासाठी यंत्र तळाकडे ध्वनीचे चार झोत सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून हिशेब करते. खोली पाण्याच्या दाबावरून कळते, तिची फारशी चिंता नसते.

चिंता आहे ती बेरजेची, कारण तीत प्रत्येक बारीक चूकही जमा होत जाते. जायरोस्कोप आणि वेगमापक यांच्या बसवणीत एका अंशाचा फरक राहिला, तर किलोमीटरभर गेल्यावर यंत्र सुमारे 17 मीटर बाजूला सरकलेले असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मोठ्या बुडीआधी आम्ही उथळ पाण्यात त्याला सरळ रेषेत पाठवतो. ते जेथे बुडते आणि जेथे वर येते, त्या दोन्ही ठिकाणी जीपीएसची नोंद घेतो आणि त्याने स्वतः मांडलेला हिशेब तिच्याशी ताडून पाहतो. बाजूला पडलेले अंतर कोनाची चूक सांगते, पुढे-मागे पडलेले अंतर वेगाच्या मोजणीतली. हे काम किचकट आहे, पण मला ते मनापासून आवडते.

खोल समुद्रात आणखी एक पेच असतो. 4,000 मीटर खाली जायला यंत्राला तासाहून अधिक वेळ लागतो आणि तळ जवळ येईपर्यंत वेगमापकाचे झोत तेथवर पोहोचतच नाहीत. तेवढ्या वेळात सेकंदाला 10 सेंटिमीटरचा संथ प्रवाहही त्याला साडेतीनशे मीटरांहून अधिक वाहून नेतो. तेव्हा जहाजावरून ध्वनीने हाक मारून त्याची जागा मोजावी लागते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो, म्हणजे एवढ्या खोलीवरून उत्तर यायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो. शिवाय तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार हा वेग बदलतो आणि ध्वनीची वाटही वाकते, म्हणून आधी पाण्याच्या थरांची मोजणी करणे भाग पडते.

माझा स्वतःचा वाटा याच्या पुढचा आहे. या सगळ्या अपुऱ्या मोजण्या एकत्र करण्यासाठी रुडॉल्फ काल्मान यांनी 1960 साली मांडलेली गणिती पद्धत वापरतात. ती जागेच्या अंदाजाबरोबरच त्या अंदाजात किती चूक असू शकेल, तेही सांगते. पडद्यावर यंत्राच्या बिंदूभोवती एक लंबवर्तुळ दिसते. नुसत्या बेरजेवर ते फुगत जाते आणि जहाजाकडून एखादी नोंद मिळाली की आक्रसते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न हे लंबवर्तुळ प्रामाणिक ठेवण्याचा आहे. यंत्राला आपल्या अंदाजाची फाजील खात्री वाटू लागली, तर समोर आलेली योग्य नोंदही ते चुकीची समजून टाकून देते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे अवशेष एप्रिल 2011 मध्ये सुमारे 3,900 मीटर खोलीवर अशाच स्वयंचलित यंत्रांनी शोधून काढले. तेथे एखादी वस्तू दिसणे पुरेसे नसते. पुन्हा त्याच जागी पोहोचता आले, तरच ते अवशेष आणि विमानातली नोंदयंत्रे (ब्लॅक बॉक्स) वर आणता येतात.

आता खोल पाण्यातली चाचणी व्हायची आहे. खाली जाताना प्रवाहाचा अंदाज यंत्रानेच बांधावा, अशी मी केलेली सुधारणा तीत पहिल्यांदा वापरली जाईल. निकाल हाती आला की आलेख पाठवीन. बाबांनी ते बारकाईने पाहून शंका जरूर कळवाव्यात.

तब्येतीची काळजी घ्यावी. कळावे.

तुमची लेक