गोळी सुरू करण्याआधी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आई फोन स्पीकरवर ठेवते, मग आपण तिघं थंडी किती पडलीय ते बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय.

दिवाळीला मी एसटीने आलो तेव्हा गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणालो होतो. ते खोटं होतं. गाडी इथे खाली पार्किंगमध्ये उभी होती. गणपती उरकून साताऱ्याहून परत निघालो, त्या दिवशी खंबाटकीच्या बोगद्यात माझी छाती आवळून आली. हातांना मुंग्या, तोंडाला कोरड. पुढे ट्रक, मागे ट्रक, थांबायला जागा नाही. धाकटी मागच्या सीटवर झोपलेली. आता आपण मरणार आणि हिलाही मारणार, एवढं एकच डोक्यात. बाहेर पडल्यावर गाडी कडेला घेतली, तिथून पुढे तुमच्या सुनेने चालवली आणि आम्ही थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नीट, रक्त नीट. नंतर थायरॉइड तपासला, तोही नीट. हृदयाला काही नव्हतं. तो पॅनिक अटॅक होता, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका.

तेव्हापासून पुन्हा तसं होईल का, याचीच धास्ती. पहाटे चारला जाग येते ती येतेच. ऑफिसात लिफ्ट टाळून सहा मजले चढतो आणि सगळ्यांना सांगतो, व्यायाम. आई, तू संक्रांतीला म्हणालीस की मी वाळलोय. खरं आहे.

चार महिने समुपदेशनाला जातोय. भीती वाटली की ती वहीत लिहायची, तसं खरंच घडलं का ते शेजारी लिहायचं. शिवाय जे टाळतो ते थोडंथोडं करत राहायचं. त्याचा उपयोग झाला. कात्रजचा बोगदा आता मी एकटा पार करतो. खंबाटकी अजून नाही, आणि झोप तर नाहीच. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एसिटालोप्राम नावाची गोळी सुचवली आहे, आधी ५ मिलिग्रॅम, सोसली तर १०. मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. गोळी अजून सुरू केलेली नाही.

तुम्ही पहिलं काय म्हणाल ते मला माहीत आहे. सवय लागेल, माणूस सुस्त होतो. मीही हेच विचारलं. ज्यांची सवय लागते त्या झोपेच्या, तात्पुरत्या गोळ्या वेगळ्या. तसली एक सुरुवातीचे काही दिवस देऊ का, असं डॉक्टर म्हणाले होते, मीच नको म्हणालो. ही गोळी घेतल्याबरोबर काही वाटत नाही. दोन ते सहा आठवडे लागतात. पंचाईत अशी की त्रास आधी येतो आणि गुण मागून. पहिले एक-दोन आठवडे मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोपेचा घोळ, आणि ज्या घाबरण्यासाठी घ्यायची तेच थोडं वाढूही शकतं. त्या दिवसांत मी फोनवर तुटक बोललो तर मनाला लावून घेऊ नका. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त नजर ठेवतात. मी बेचाळीसचा, तरी घरात सांगून ठेवलंय की माझं वागणं वेगळं वाटलं तर थेट डॉक्टरांना फोन करायचा. काही परिणाम नवरा-बायकोत बोलायचे असतात, ते आम्ही बोललो आहोत.

बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची मात्र नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, बहुधा जास्तच, आणि मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. बाबा, तुमची बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आठवते? पाय सुजले म्हणून तुम्ही चार दिवस कुणाला न सांगता गोळी बंद केली होती आणि बीपी कुठल्या कुठे गेलं. मग डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सूज उतरली. मलाही त्रास झाला तर मी डॉक्टरांनाच सांगेन, गुपचूप बंद करणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार होता का? मी म्हणालो, आत्याला काहीतरी होतं. काहीतरी म्हणजे काय, ते मला सांगता आलं नाही. मला एवढंच आठवतं की एकदा रात्री दोनला तिने माळ्यावरची सगळी पितळी भांडी खाली काढली आणि गाणी म्हणत घासत बसली. मला मजा वाटली. मीही चिंचेचा गोळा घेऊन तिच्याशेजारी बसलो. सकाळी बाबा तिला घेऊन गेले. नंतर ती आली ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. विचारलं तर आई म्हणायची, तिला बरं नाही. पुढे कधीतरी जेवताना मी थट्टेत कुणाला तरी म्हणालो, ‘याला येरवड्याला पाठवायला पाहिजे’, आणि बाबा, तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मी भांड्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आत्याचा आजार बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी असा असेल तर ते त्यांना गोळी देण्याआधी कळायला हवं, कारण तो आजार माझ्यातही लपलेला असला तर या गोळीने माणूस त्या उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. मला तसा उन्माद कधी आलेला नाही, म्हणजे गोळी मिळणारच नाही असं नाही. पण त्यांना खरं माहीत हवं. तेव्हा सांगा, तिला कोणत्या आजाराची औषधं होती? हॉस्पिटलात किती दिवस ठेवलं होतं? तो उत्साह पुन्हा कधी आला होता का? जुनी फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर त्या फाइलचा फोटो पाठवा.

बाबा, तुम्ही बहिणीला लपवलंत असं मला वाटत नाही. तिला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून तुम्ही गप्प राहिलात. आणि आणखी एक. तुम्ही रात्री तीन-तीनदा उठून गॅसचा कॉक बघता. तुम्हालाही असा जीव घाबरा व्हायचा का? मला ते डॉक्टरांसाठी नाही, माझ्यासाठी हवंय.

शनिवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. त्याआधी फोन करा. आईसमोर नको वाटत असेल तर गच्चीवर जाऊन करा, मी ऑफिसातून बाहेर येऊन उचलेन.

तुमचा,
बाळू