‘आधी माझा कागद बघ’ म्हणणाऱ्या आजींस

तीर्थस्वरूप आजींना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे, याचा तुम्हाला राग येईल हे मला ठाऊक आहे. तुमचे नाव कुठेही घालायचे नाही, अशी ताकीद तुम्ही दिली होती आणि ती मी पाळली आहे. परंतु मंगळवारी निकाल हाती आला तेव्हा मी जिना उतरून धावत तुमच्याकडे आले, आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. तुम्ही ‘आधी पाणी पी’ एवढेच म्हणून तांब्या पुढे केलात. त्या दिवशी जे बोलायचे राहिले, ते आज लिहून काढते आहे.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणाच्या, म्हणजे ऐकण्याच्या, भागात मला ७.५ बँड (गुणांक) मिळाला. गेल्या वर्षी तो ५.५ होता, आणि ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर या भागात किमान ७ लागतो. वाचनात मी कधी अडले नव्हते, लिखाणही मेहनतीने जमवले होते. अडत होते ते ऐकण्यात. डोळ्यांना ओळखीचे असलेले शब्द कानाला परके वाटत होते, आणि त्यावर उपाय आहे असे मला कोणी सांगितले नव्हते.

उलट उपाय नाही असे सांगणारे भेटले होते. शहरातील एका क्लासची चार महिन्यांची फी मी जादा रात्रपाळ्या करून भरली होती. तेथे भरल्या वर्गात एकदा ध्वनिफीत लागे, उत्तरे वाचून दाखवली जात, आणि ज्यांची तीसपेक्षा जास्त बरोबर आली त्यांनी हात वर करायचे असत. चार महिन्यांत माझा हात एकदाही वर गेला नाही. एके दिवशी मी उभी राहून एवढे एकच वाक्य परत लावण्याची विनंती केली, तेव्हा ‘परीक्षेत कोणी परत लावणार नाही’ असे उत्तर मिळाले आणि वर्ग हसला. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, हे खरे आहे. सुमारे अर्ध्या तासात चार भाग आणि चाळीस प्रश्न होतात, आणि सुटले ते सुटले. पण परीक्षा एकदाच ऐकवते म्हणून शिकवणाऱ्यानेही एकदाच ऐकवायचे असेल, तर त्याने फी कशाची घेतली, हे मला आजही समजलेले नाही. मराठी माध्यमाच्या मुलींचा कान इंग्रजीला तयारच होत नाही, असे त्याच वर्गात मला सांगण्यात आले आणि मी ते वर्षभर खरे मानले. त्या वर्षाचे दुःख फीपेक्षा मोठे आहे.

तुमच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा तुम्ही टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देण्याच्या जागी, नोकरी केली होती, एवढेच मला माहीत होते. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन तऱ्हेचे कॉल जोडत, कानाला हेडफोन लावून, देशभरच्या माणसांचे इंग्रजी ऐकत तुमची उमेदीची वर्षे गेली, हे पुढे समजले. तुम्हीही मराठी शाळेतूनच आलेल्या होतात. रेडिओवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली सुरू केलेल्या ‘स्पेशल इंग्लिश’च्या बातम्या तुम्ही रोज ऐकायचात, सुमारे दीड हजार सोप्या शब्दांत, मुद्दाम सावकाश वाचलेल्या त्या बातम्यांनी तुमचा कान घडवला, असे तुम्ही सांगितलेत. माझ्यासाठी ती गोष्ट फार मोठी होती, कारण कान घडवता येतो हे मी प्रथमच ऐकत होते.

आता खरे ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते लिहिते. मी तुमच्याकडे ऐकण्याचा सराव करायला बसले, त्या पहिल्याच संध्याकाळी तुम्ही भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची दोन पाने फाडलीत. कोऱ्या बाजूवर दोन्ही पानांवर एक ते दहा आकडे घातलेत, एक पान मला दिलेत आणि दुसरे स्वतःच्या मांडीवर पाटावर ठेवून पेन्सिल हातात घेतलीत. मला वाटले, तुम्ही उत्तरपत्रिका तयार करत आहात. सरावाची ध्वनिफीत लागली आणि संपली. माझ्या पानावर दहापैकी तीन उत्तरे होती, आणि मी ते पान सवयीने हाताखाली झाकले. तेव्हा तुम्ही तुमचे पान माझ्यापुढे सरकवलेत आणि म्हणालात, ‘आधी माझा कागद बघ.’

त्या कागदावर चार जागा रिकाम्या होत्या. एके ठिकाणी शब्दाचे पहिलेच अक्षर लिहिलेले होते आणि पुढे रेघ ओढलेली होती. एके ठिकाणी उत्तर चुकलेले होते आणि तुम्ही ते खोडलेले नव्हते. तुमच्या डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. वय झाले की उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, आणि इंग्रजीतील ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखे बारीक ध्वनी नेमके त्यातच मोडतात, हे मी परिचारिका असूनही त्या क्षणी माझ्या लक्षात आले नव्हते. ज्या बाईने आयुष्यभर इंग्रजी ऐकून पोट भरले, तिने स्वतःच्या रिकाम्या जागा एका भाडेकरू मुलीसमोर उघड्या ठेवल्या. मी माझा हात पानावरून काढला. त्यानंतर पाच महिन्यांत मी एकदाही कागद झाकला नाही.

पुढे जे शिकले ते सर्व त्या एका कृतीमुळे शिकता आले. ‘अ कप ऑफ टी’ हे चार शब्द मला ‘कपाटी’ असे एकच ऐकू येत आणि मी खोलीतले कपाट शोधत बसे. तुम्ही समजावलेत की इंग्रज माणूस प्रत्येक शब्दाला सारखे वजन देत नाही. ‘कप’ आणि ‘टी’ यांवर जोर देतो आणि मधला ‘ऑफ’ जवळजवळ गिळून टाकतो. हे ऐकून मी ‘लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे, ही कसली भाषा’ असे म्हणाले, त्यावर तुम्ही मला ‘उपयोग’ आणि ‘सरकार’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणायला लावलेत. मी ‘उप्योग’ आणि ‘सर्कार’ म्हणाले. ‘आणि नागपुरात आपण “काय करून राहिली” असे म्हणतो, की “का करून रायली” म्हणतो?’ असे तुम्ही विचारलेत, तेव्हा माझ्या मनातली एक मोठी गाठ सुटली. आपणही शब्द गिळतो, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला आपले ‘काहून’ कळत नाही, म्हणून त्याचा कान वाईट ठरत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर तुम्ही माझ्या वॉर्डातल्या कामालाही हातभार लावलात. ‘थर्टीन’चा जोर शेवटी असतो आणि ‘थर्टी’चा सुरुवातीला, हे तुम्ही टाळ्या वाजवून दाखवलेत. ट्रंक बोर्डावर नंबर चुकला की दुसऱ्याच गावची घंटा वाजत असे, म्हणून तुम्ही ऐकलेला प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचात. आता डॉक्टर फोनवर मात्रा सांगतात तेव्हा ‘फिफ्टीन’ ऐकल्यावर मीही ‘वन फाइव्ह, बरोबर ना?’ असे विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही.

आपली बैठक दोन प्रकारांत चाले. आठवड्यातले चार दिवस रोजच्या व्यवहाराची संभाषणे असत: कोणी खोली भाड्याने घेत आहे, कोणी ग्रंथालयाचे सभासद होत आहे, कोणी आडनावाचे स्पेलिंग अक्षर अक्षर सांगत आहे. उरलेले दिवस सामान्यज्ञानाचे, आणि ते मला अवघड जात. मधमाश्यांवरचे व्याख्यान मी सात वेळा ऐकले. पोळ्याच्या अंधारात परतलेली माशी नाचून मकरंदाची दिशा आणि अंतर सांगते आणि इतर माश्या तिला खेटून तो नाच समजून घेतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांचे संशोधन, ज्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, मला आधी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून मराठीत वाचायला लावून मगच तुम्ही ती फीत पुन्हा लावलीत. आठव्यांदा ती स्वच्छ ऐकू आली. विषय डोक्यात असेल तर कान निम्मे काम करतो आणि डोके निम्मे, असे तुम्ही म्हणत असा.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार. बाहेर रस्ता ओस पडला होता आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलेला कूलर घरघरत होता. श्रवणयंत्रात तो आवाज दुपटीने शिरतो, म्हणून तुम्ही फीत लावण्यापूर्वी उठून कूलर बंद केलात आणि पदराने कपाळ टिपत बसलात. विषय होता भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे त्रिकोण आखून देशाची जमीन मोजण्याच्या इंग्रजांच्या कामाचा. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासपासून मोजणी सुरू केली, अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे यंत्र माणसांकडून वाहून नेले, आणि १८२३ साली हैदराबादहून नागपूरकडे येताना त्यांचा मृत्यू झाला, इतके मला समजले. कोठे झाला, ही आठवी जागा होती. मला ऐकू आले ते ‘हिंगन गॉट’ असे काहीतरी, आणि ते एखाद्या इंग्रजी गावाचे नाव असावे असे समजून मी जागा सोडून दिली.

‘आधी माझा कागद बघ,’ तुम्ही म्हणालात. तुमच्या कागदावरही नाव नव्हते. तेथे इंग्रजी एच काढलेला होता आणि त्याखाली ‘हैदराबाद’पासून ‘नागपूर’पर्यंत एक बाण होता. बस्स, तेवढेच. मी त्या बाणाकडे पाहत राहिले. हैदराबादहून नागपूरला येणाऱ्या रस्त्यावर, नागपूरच्या अलीकडे, एच अक्षरावरून सुरू होणारे गाव माझ्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार होते? माझे आईवडील तेथे राहतात. मी दर महिन्याला एसटीने तेथे जाते. परक्या उच्चारात स्वतःच्या हिंगणघाटाचे नाव मला ओळखता आले नाही, आणि ज्यांना ते धड ऐकूही आले नव्हते, त्यांनी ऐकू आलेल्या बाकीच्या वाक्यावरून मला त्याच्या वेशीपर्यंत आणून सोडले. मी रडले, ते तुम्ही पाहिलेत. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त फीत मागे नेलीत आणि पुन्हा लावलीत.

शब्द सुटला तरी वाक्य सोडायचे नाही, हे त्या दिवशी माझ्या अंगात उतरले. परीक्षेच्या चौथ्या भागात सलग दोन शब्द हुकले तेव्हा मी घाबरले नाही. मनातल्या मनात एक बाण काढला आणि पुढच्या वाक्यावर गेले.

आजी, माणसाचा चांगुलपणा बहुतेक वेळा अशाच लहान ठिकाणी दिसतो, असे मला आता वाटते. आमच्या वॉर्डात खेड्यातून आलेले नातेवाईक एकच गोळी जेवणाआधी की नंतर, हे तीन-तीनदा विचारतात. पूर्वी तिसऱ्या वेळी माझा आवाज चढत असे, हे मी लाजेने कबूल करते. आता मी तिसऱ्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखेच सांगते, आणि पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढून देते. समोरच्याला कळले नाही याची शरम त्याच्या चेहऱ्यावर कशी दिसते, ते मला आतून माहीत आहे. ती शरम वाढवणारी माणसे शहाणी म्हणून मिरवतात आणि ती पुसणारी माणसे नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या घरात पाट मांडीवर घेऊन बसलेली असतात.

हिंगणघाटच्या त्या दिवसाची दोन्ही पाने मी माझ्या प्रमाणपत्रांच्या फायलीत ठेवली आहेत. तुमचे पान तुम्हाला न विचारता घेतले, त्याबद्दल क्षमा असावी.

मी जाईन तेव्हा माझ्या खोलीत धाकटी मामेबहीण येईल. तीही परिचर्येचे शिक्षण घेते आणि तीही कागद झाकते. श्रवणयंत्राच्या सेलची चार पाकिटे मी तुमच्या देवघराशेजारच्या फडताळात, वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. सेल लावण्याची वेळ येईपर्यंत त्यावरचा चिकट कागद काढू नका, कारण तो निघाला की सेल न वापरताही उतरू लागतो. कागद काढल्यावर मात्र मिनिटभर थांबून मगच यंत्रात घाला. आणि बैठक सुरू असताना कूलर बंद करायचा असेल, तर मधून मधून पाणी प्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची