अर्ध्या गोळीनेही तोल जातो

महोदय,

17 नोव्हेंबरचा राष्ट्रीय अपस्मार दिन जवळ आला की फिट आलेल्याच्या नाकाला कांदा-चप्पल लावू नका, असे लेख छापून येतात. ते यावेतच. पण फिट येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या गोळीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्यातल्या फेनिटॉइनविषयी हे पत्र. 1938 पासून माहीत असलेलं हे औषध स्वस्त आहे, गुणकारी आहे, पण मापाला फार कडक आहे.

रक्तात त्याचं प्रमाण मिलीलिटरला साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम हवं. हे औषध निकामी करण्याची यकृताची ताकद ठरावीक असते. ती संपली की वरचं सगळं रक्तात साचत जातं. त्यामुळे डोस 300 चा 400 मिलिग्रॅम केला, तर रक्तातलं प्रमाण कधी कधी दुपटीच्याही वर जातं. म्हणूनच डॉक्टर पुढे पुढे 25-50 मिलिग्रॅमनेच डोस चढवतात. ‘काल फिट आली, आज एक गोळी जास्त देऊ’ हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

जास्त झाल्याची खूण घरीही दिसते. रुग्णाच्या डोळ्यांपुढे बोट धरून हळूहळू बाजूला न्या. त्यामागे जाताना बुबुळं हिसके देत थरथरतात. मग एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, चाल झिंगल्यासारखी होते (आणि लोक उगाच दारूचा संशय घेतात). अशा वेळी रक्ततपासणी पुढच्या डोसच्या आधी करावी. अंगात अल्ब्युमिन (हे औषध ज्याला चिकटून राहतं ते रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर रिपोर्ट नॉर्मल दिसूनही त्रास होतो, हे डॉक्टरांना विचारावं.

लहान मुलांच्या पातळ औषधात वेगळीच गंमत. औषध बाटलीच्या बुडाशी बसतं. न हलवता दिलं, तर सुरुवातीचे चमचे पातळ म्हणून फिट येते आणि तळाचे दाट म्हणून मूल गुंगतं. शिवाय 5 मिलीत 30 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 125 मिलिग्रॅम अशा दोन बाटल्या असतात. ‘एक चमचा’ म्हणून चौपट डोस जाऊ शकतो. बाटली नीट हलवावी, आकडा वाचावा, मोजायला खुणांचं माप किंवा सिरिंज वापरावी.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एरवी मात्र औषध एकदम बंद करू नये. थांबता न थांबणारी फिट येऊ शकते. दिवस राहिले म्हणूनही परस्पर सोडू नये. हिरड्या वाढतात, पण दात स्वच्छ ठेवले तर कमी.

क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिडने फेनिटॉइन वाढतं, रिफाम्पिसिनने घटतं. टीबीचे उपचार सुरू करताना फिटची गोळी सांगायलाच हवी. अँटासिड दोन तास लांब ठेवावं. गर्भनिरोधक गोळ्या मात्र याच्यासोबत भरवशाच्या राहत नाहीत.

शेवटी एक मागणी. सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर कधी या कंपनीची पट्टी मिळते, कधी त्या. एरवी त्याने बिघडत नाही. या औषधात मात्र थोडा फरकही जाणवू शकतो. कंपनी बदलली की खिडकीवरच केसपेपरवर तारखेसह नोंद व्हावी, म्हणजे पुढच्या वेळी फिट आली किंवा तोल गेला तर डॉक्टरांना शोध कुठून घ्यायचा ते कळेल.

– एक फार्मासिस्ट, सातारा