‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ लिहिलेल्या रिक्षावाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, रिक्षाचा नंबरही टिपला नाही. मागे ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ लिहिलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवतं. त्या रात्री आठ किलोमीटर मी दुसरं काही वाचलंच नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट. दादरला नणंदेकडे जेवून आम्ही मुलुंडला निघालो होतो. ह्यांना गाडी येत नाही, पस्तीस वर्षं स्टिअरिंग माझ्याच हातात. विक्रोळीला पावसाने जोर धरला आणि पूर्व द्रुतगती मार्गावरचे पांढरे पट्टे गायबच झाले. ओल्या डांबरावर आपल्या दिव्यांचा उजेड पुढेच घसरत जातो, आपल्याकडे परत येत नाही. दुभाजकापलीकडचे दिवे मात्र रस्त्यावरून थेट डोळ्यांत. एका ट्रकचा निळसर पांढरा झोत गेला आणि तीनेक सेकंद मला काहीच दिसलं नाही. ताशी चाळीसच्या वेगाने तीन सेकंद म्हणजे ३३ मीटर. (बँकेत आयुष्य गेलं, हिशोब सुटत नाही.) मी डावीकडे घेतली, दोन्ही इंडिकेटर लावले आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले.

तेव्हा तुम्ही काच ठोठावलीत. “काकू, इथं नका थांबू, मागून कुणीतरी उडवंल. माझ्या मागं या, तीसच्या वर नेत नाही. समोरच्या दिव्याकडं बघायचं नाही, डावी कड धरायची.” आणि रिक्षाकडे वळताना म्हणालात, “आमच्या आबांना पण दिव्याला झालर दिसायची. मोतीबिंदू निघाला.”

तो शब्द डोक्यात राहिला. झालर! मला वर्षभर खांबावरच्या प्रत्येक दिव्याभोवती तीच दिसत होती आणि मी आजकालच्या एलईडींना शिव्या देत होते. ‘रात्री स्वच्छ दिसेल’ म्हणून पिवळ्या काचांचा चष्माही घेतला होता. तो दाखवल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर हसल्याच. मुळात उजेड कमी पडतोय आणि तुम्ही त्यातलाही अडवताय, म्हणाल्या.

त्यांनी तक्ता वाचायला लावला तेव्हा मी खालच्या ओळीपर्यंत फडाफडा वाचलं. मग डोळ्यावर बाजूने दिवा मारला आणि तोच तक्ता वाचायला सांगितला, तर निम्म्या ओळी धुक्यात. डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूचा मोतीबिंदू होता. समोरून उजेड आला की तो पसरवतो. शिवाय वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोचतो, हे ऐकून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं लपवूनच ठेवलं होतं.

लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरी दाखला मी दिला होता. त्यात विचारतात ते चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. येत होतीच! रातांधळेपणा नाही, हेही खरंच होतं. रात्रीच्या पावसात ट्रक समोर आल्यावर काय होतं, ते कोणी विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही, हे त्याहून वाईट.

ऑक्टोबरात उजवा डोळा झाला, डिसेंबरात डावा. रात्री दिव्यांभोवती पुन्हा कडी दिसू नयेत म्हणून भिंग साधं, लांबचं दिसेल असं बसवलं. वाचायला चष्मा लागतो, लागू दे. आता खांबावरचा दिवा नुसता दिवा दिसतो. तरी पावसातल्या रात्री गाडी काढत नाही. भिंग नवीन आहे, बाहुली अडुसष्ट वर्षांचीच आहे.

मुलुंडला सोसायटीच्या कोपऱ्यावर तुम्ही हात दाखवून वळलात. पैसे काढेपर्यंत थांबलासुद्धा नाहीत. मीटर टाकला असता तर पहिल्या दीड किलोमीटरचे २६ आणि पुढे १७ रुपये १४ पैशांनी मिळून १३७ झाले असते. ते मी पाकिटात वेगळे ठेवलेत. विक्रोळीच्या स्टँडवर दोनदा येऊन विचारलं. तिथे तुळजाभवानीच्या पाच रिक्षा आहेत, आणि पाचही जण म्हणाले, “मी नव्हतो, काकू.”

तुमची,
मुलुंडची काकू